पंचांच्या बाजूने औंध

नवी दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावर इंडिया गेटकडून मंडी हाउसच्या चौकाकडे चालत निघाले की संस्थानिकांची नावे एकामागून एक भेटतात. लट्यन्सने आराखडा काढलेल्या बडोदा हाउसमध्ये आता उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. पतियाळा हाउसमध्ये न्यायालये भरतात. फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसते. मंडीच्या राजाचे घर केव्हाच गेले, त्या जागी दूरदर्शन आले. चौकाने नाव मात्र राजाचेच ठेवले. १९२१ मध्ये संस्थानिकांचे नरेंद्रमंडळ स्थापन झाले. नव्या राजधानीत आपलेही घर असावे अशी चढाओढ संस्थानिकांत लागली, आणि त्या चढाओढीतून या सगळ्या इमारती उभ्या राहिल्या. महाराष्ट्राचे जुने सदनही याच रस्त्यावर आहे. सातारा-सांगलीकडचा माणूस दिल्लीत कामाला आला की अनेक वर्षे त्याचा पहिला मुक्काम इथेच पडत असे.

या रस्त्यावर औंधचे घर नाही. ते असणे शक्यही नव्हते. औंध हे सलामीच्या तोफांचा मान नसलेले संस्थान. सारा मुलूख पाचशे चौरस मैलांच्या आसपास आणि गावे बहात्तर. बडोद्याच्या एखाद्या प्रांतातही ते सहज मावले असते. तरीही हिंदुस्थानातल्या सगळ्या राजवाड्यांना जे सुचले नाही, किंवा सुचूनही ज्याचे धाडस झाले नाही, ते या बहात्तर गावांत नऊ वर्षे चालले. गावांनी आपला कारभार आपण पाहिला, आणि कायद्याने पाहिला. त्या गावांचा आणि त्यांच्या लहानशा राजधानीचा इतिहास पुढच्या पानांत आहे. हा इतिहास राजाच्या चरित्राचे परिशिष्ट म्हणून लिहायचा नाही, चावडीवर बसलेल्या माणसांकडून लिहायचा, हे या पुस्तकाचे म्हणणे आहे. मला ते पटते. का पटते, तेवढे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी गावाची ओळख. औंध सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे. हा पावसाने हात आखडता घेतलेला मुलूख. ज्वारी-बाजरीची शिवारे, उघडे डोंगर, आणि गावाच्या डोक्यावर यमाईचा डोंगर. त्याला गावात मूळपीठ म्हणतात. पायऱ्यांची वाट वरच्या देवळाकडे जाते. खाली राजवाड्यालगत यमाईचे दुसरे देऊळ आणि उंच दीपमाळ आहे. पौषातल्या यात्रेला आसपासच्या तालुक्यांतून माणसे येतात आणि खिल्लार बैलही येतात. देवीचा रथ आणि जनावरांचा बाजार या दोहोंनी वर्षाचा हिशोब मांडणारे हे गाव आहे. रेल्वे कधी गावाच्या जवळून गेली नाही. उतरायचे स्टेशन रहिमतपूर, आणि तिथून पुढे गाडीरस्ता.

औंधवर राज्य करणारे पंतप्रतिनिधींचे घराणे मूळचे किन्हईचे. परशुराम त्रिंबक हे गावचे कुलकर्णी, पण अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर मोगलांशी चाललेल्या झुंजीत त्यांनी नाव कमावले आणि छत्रपतींचे प्रतिनिधिपद मिळवले. पुढे पेशव्यांचे वजन वाढले तसे प्रतिनिधींचे घटत गेले. ताई तेलिणीने वासोटा किल्ल्यावरून पेशव्यांच्या फौजेशी केलेला सामना याच घराण्याच्या पडत्या काळातला आहे. तो अजून लोकांच्या तोंडी असल्यामुळे इथे त्याचा विस्तार करत नाही. इंग्रजांनी १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा केले आणि औंध थेट त्यांच्या देखरेखीखाली गेले. या सगळ्या उलथापालथीतून जो मुलूख उरला तो तुकड्यातुकड्यांचा होता. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे कृष्णेच्या खोऱ्यात, आटपाडी माणदेशात आणि गुणदाळ पार विजापूरकडे, कानडी बोलणाऱ्या मुलखात. मध्ये परक्यांची हद्द. हे तुकडेपण लक्षात ठेवावे, कारण पुढच्या घटनांचा अर्थ त्याच्याशी बांधलेला आहे. जे राज्य एका नजरेत मावत नाही, त्यात राजधानीचा हुकूम उशिरा पोहोचतो आणि गावाला आपले आपण निभावून न्यायची सवय लागते.

१९०९ साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे सर्वांत परिचित नाव. चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक, १९३५ च्या इंदूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. महाभारताची सचित्र आवृत्ती निघावी म्हणून भांडारकर संस्थेला त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले, आणि तिथूनच चिकित्सक आवृत्तीच्या प्रचंड कामाला बळ मिळाले. डोंगराच्या उतारावर त्यांनी उभारलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय १९३८ पासून आहे. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या माता-बालकाच्या शिल्पापर्यंतचा ऐवज खटाव तालुक्यातल्या एका गावात पाहायला मिळतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही.

बाळासाहेबांविषयी मला आदर आहे, पण औंधवरचे बहुतेक लेखन त्यांच्यापाशी येऊन थांबते याचे दुःखही आहे. राजा चांगला होता म्हणून प्रजा सुखी होती, एवढ्यात सगळे आटोपते. प्रजेने काय केले, हे विचारायचे राहूनच जाते. औंधच्या आसऱ्याला आलेल्या माणसांकडे पाहिले तरी चित्र पालटते. बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये औंधच्या हद्दीत कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान मिळाले. त्यावर किर्लोस्करवाडी वसली. तिथूनच लोखंडी नांगर निघाले आणि तिथूनच ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ही मासिके निघून मराठी घराघरांत गेली. वेदाभ्यासक आणि चित्रकार श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी औंधात स्वाध्याय मंडळ चालवले. कोकणातून एक गरीब विद्यार्थी शिक्षणासाठी औंधला आला आणि प्लेगच्या साथीमुळे त्याला ते सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे साने गुरुजी. माणदेशातल्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले. या सगळ्यांना राजाने आसरा दिला हे खरे, पण त्यांना रोजचे जेवण, खोली, शेजार आणि काम देणारे गाव होते. कारखान्यात उभे राहणारे हात कुंडलच्या पंचक्रोशीतले होते. माधुकरी वाढणाऱ्या घरांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, आणि तीच घरे शोधायला हवीत.

आता मूळ गोष्टीकडे. १९३८ मध्ये बाळासाहेब सत्तरीचे झाले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले होते. बंगळूरच्या सरकारी वीजसाहित्य कारखान्यात व्यवस्थापक असलेला मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा अभियंता त्यांच्या ओळखीचा झाला आणि औंधला आला. अंगावर खादी, हातात चरखा आणि डोक्यात एकच विचार: राजाने राज्य लोकांना देऊन टाकावे. (दिल्लीतल्या ज्या रस्त्यापासून सुरुवात केली त्यालाही एका पोलिश खगोलशास्त्रज्ञाचे नाव आहे. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये, पण औंधचे घर नसलेल्या रस्त्यावर औंधच्या पाहुण्याचा देशबांधव भेटतो, याचे मला बरे वाटते.) हाच फ्रीडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे इंग्रजी पुस्तक करणारा म्हणून जगभर ओळखला गेला. औंधमधले त्याचे काम मात्र महाराष्ट्रातही फारसे कोणाला ठाऊक नाही.

अप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. राज्यघटनेचा मसुदा तिथे तयार झाला. गांधीजींनी कौतुकावर भागवले नाही, अटी घातल्या. राजाच्या खर्चावर मर्यादा हवी. राजपुत्राने खेड्यात राहावे आणि साधे राहावे. आणि मताचा अधिकार लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढालाच असावा. ही शेवटची अट आज ऐकताना खटकते. निरक्षराला मत नाही म्हणजे गरिबाला, बाईला, गावकुसाबाहेरच्याला मत नाही, असाच तिचा त्या काळचा अर्थ होत होता. तिचा उलट उपयोगही होता: मत हवे तर अक्षर शिका, आणि मत द्यायचे तर राज्याने ते शिकवावे. या दोन अर्थांपैकी प्रत्यक्षात कोणता किती खरा ठरला, ते गावागणिक वेगळे असणार. म्हणूनच गावागणिक पाहिले पाहिजे.

२१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य घटना अमलात आली. तिची मांडणी खालून वर जाणारी होती. प्रत्येक गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची, आणि तालुक्यांतून प्रतिनिधी जाऊन संस्थानची विधानसभा भरायची. महसुलाचा मोठा वाटा गावे आणि तालुके यांच्याकडेच राहायचा. शाळा, विहीर, रस्ता यांचे काम त्यातून करायचे. न्यायाची रीत त्याहून धीट होती. पक्षकारांनी तालुक्याच्या गावी खेटे घालायचे नाहीत. न्यायाधीशाने गावोगाव फिरायचे आणि गावच्या पंचांबरोबर बसून निवाडा द्यायचा. ज्याने बांध कोरला आणि ज्याचा कोरला गेला, ते दोघेही सगळ्या गावासमोर उभे. खोटे बोलणाऱ्याची पंचाईत होते, कारण तो बांध सगळ्यांच्या पायाखालचा असतो. पण ज्या गावात जातीपुढे कोणाचे काही चालत नाही, तिथे ‘सगळे गाव’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्नही त्याच चावडीवर उभा राहतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहून मराठी वाचकाला दाखवले होते की गाव ही गोड कल्पना नाही, ती हक्कांची आणि ओझ्यांची घट्ट वीण आहे. औंधच्या पंचायती त्याच विणीवर बसवल्या गेल्या. पाटील-कुलकर्ण्यांच्या हातून कारभार पंचांच्या हाती आला तेव्हा पंच कोण झाले? पहिल्या वर्षी कोण आणि पाचव्या वर्षी कोण? औंधच्या इतिहासाचा गाभा या प्रश्नात आहे असे मी समजतो.

याच काळातले स्वतंत्रपूर. आटपाडीजवळच्या माळावर भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी राहिली. शिक्षा झालेली माणसे तिथे शेती करत, घरच्यांसोबत राहत. पुढे ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली, व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, आणि चित्रपट जगभर गेला. तो पाहणाऱ्या लाखोंपैकी किती जणांना आटपाडीचे नाव ठाऊक असेल? वसाहत आजही आहे.

कुंडलची गोष्ट मात्र मी जरा थांबून सांगणार आहे, कारण औंधच्या प्रयोगाला तिच्याशिवाय अर्थ नाही. बेचाळीसच्या आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, आणि कुंडल हे त्याचे एक मोठे केंद्र झाले. जी. डी. बापू लाड तिथलेच. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वेगाडी लुटली गेली, त्यात कुंडलची माणसे होती. इंग्रजी हद्दीतले पोलिस संस्थानी हद्दीत थेट घुसू शकत नसत. परवानगीचा कागद फिरेपर्यंत भूमिगत कार्यकर्ते पुढच्या गावी पोहोचलेले असत. संस्थानाच्या तुकड्यातुकड्यांच्या नकाशाचा हा सर्वांत मोठा उपयोग झाला.

प्रतिसरकारनेही न्यायदान मंडळे चालवली. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच दशकात, गावाने न्याय करण्याच्या दोन रीती शेजारी-शेजारी होत्या. एक राजाने दिलेल्या घटनेतली, दुसरी लोकांनी सरकार धुडकावून घेतलेली. एकीत कागद, शिक्का, निवडणूक. दुसरीत रात्रीची बैठक, तरुणांचा धाक आणि जरब. दोन्हींत बसणारी माणसे मात्र पुष्कळदा त्याच वाड्या-वस्त्यांवरची. ज्याने पंचायतीत हिशोब मांडायला शिकले त्याला बैठकीत उपयोग झाला असेल, आणि ज्याने बैठकीत सावकाराला जाब विचारला त्याची पंचायतीतली भीती गेली असेल. सत्ता दिली गेली की घेतली गेली, हा वाद औंधबद्दल नेहमी होतो. कुंडलकडे पाहिले की तो वाद अपुरा वाटतो. तिथे दोन्ही घडत होते, आणि एकाने दुसऱ्याला बळ दिले.

१९४८ या सालाने सगळे एका झटक्यात बदलले. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या दिवसांत सातारा-सांगलीच्या गावोगावी ब्राह्मणांच्या घरांना आगी लागल्या, आणि औंधचा मुलूखही त्यातून सुटला नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ त्याच दिवसांवरची आहे. सातवळेकरांनी त्याच वर्षी औंध सोडले आणि गुजरातेत पारडीला स्वाध्याय मंडळ हलवले. ज्यांच्या सल्ल्याने घटना लिहिली गेली त्यांच्याच हत्येचे निमित्त करून, ज्या गावांत ती राबवली गेली त्यांतल्याच शेजाऱ्यांनी शेजारी जाळले. या प्रसंगावरून चटकन पुढे जाण्याची रीत मराठी लेखनात आहे. औंधच्या इतिहासाला ती परवडणार नाही. नऊ वर्षे पंचायतीत एकत्र बसूनही काय बदलले नव्हते, ते त्या आगीत दिसले, आणि ते लिहून ठेवलेच पाहिजे. कोणाची घरे कोणी वाचवली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. पंचायती, तालुका समित्या, विधानसभा, सगळे एका सहीने संपले. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला दिल्लीत, कोपर्निकस मार्गापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यघटनेचा मसुदा मांडला. खेड्याला राज्याचा पाया मानणाऱ्यांना त्यांनी कठोर शब्दांत सुनावले. खेडे हे अज्ञानाचे, संकुचितपणाचे आणि जातीयतेचे घर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर मोठी चर्चा झाली आणि २२ नोव्हेंबरला ग्रामपंचायतींविषयीचे कलम ४० स्वीकारले गेले, पण मार्गदर्शक तत्त्वांत. हक्क म्हणून नव्हे. पंचायतींना घटनेत पक्की जागा मिळायला १९९३ साल उजाडावे लागले. बाबासाहेबांच्या आक्षेपाला औंधकडे उत्तर होते का? काही गावांत असेल, काही गावांत औंधनेच त्यांचा आक्षेप खरा ठरवला असेल. निदान पुरावा होता. नऊ वर्षांचा, बहात्तर गावांचा, ताजा पुरावा. तो कोणी गोळा करून त्या सभागृहात मांडला नाही. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हाही मुंबईच्या कारभाऱ्यांपुढे वसंतराव नाईक समितीचा अहवाल होता, औंधची दप्तरे नव्हती.

विलीनीकरणानंतरचे औंध म्हणजे राजधानीपण गेलेले गाव. कचेऱ्या गेल्या, कारकून गेले, बाजार उरला. अप्पासाहेब परराष्ट्र सेवेत गेले. पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, लंडन अशी त्यांची पुढची वाट झाली. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले. अशी गावे पुष्कळदा आपल्या जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगत झिजतात. औंधने तसे पूर्णपणे होऊ दिले नाही, आणि त्याचे श्रेय राजवाड्याइतकेच गाण्याला आहे. किन्हईचे अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. त्यांनी १९४० मध्ये आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ औंधला संगीताचा उत्सव सुरू केला. चिरंजीव गजाननबुवांनी तो चालवला, पुढे त्यांच्या शिष्यांनी. आश्विन वद्य पंचमीला अजून गाणे होते. मोठमोठे कलावंत या आडगावात येऊन गातात, आणि समोर शेतकरी, शिक्षक, दुकानदार, लांबून आलेले दर्दी असे सगळे एका बैठकीत असतात.

अंतूबुवांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला १९५५ मध्ये, आणि व्यंकटेश माडगूळकरांना ‘सत्तांतर’साठी साहित्य अकादमीचा, १९८३ मध्ये. या दोन्ही अकादम्या मंडी हाउसच्या चौकातल्या रवींद्र भवनात आहेत. म्हणजे औंधच्या मुलखातली नावे या परिसरात नोंदली गेली ती गाण्यामुळे आणि गोष्टीमुळे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त औंध संस्थानातल्या शाळेवर नेमलेला एक कोवळा मास्तर मेंढपाळांच्या वस्तीवर जातो, लोकांकडून तालीम बांधून घेतो, आणि तिच्या उद्घाटनाला राजा येतो. ज्यांना औंधचा राज्यकारभार समजून घ्यायचा आहे त्यांनी आधी ती कादंबरी वाचावी. तालमीसाठी कष्ट कोणी उपसले आणि नाव कोणाचे झाले, हे माडगूळकरांनी एकही भाष्य न करता दाखवले आहे. दुष्काळ आल्यावर वस्ती कशी रिकामी होते तेही. माणदेशात कुठलीही घटना, कितीही चांगली, पावसाच्या खाली असते.

औंधवर इंग्रजीत पुस्तके आहेत. इंदिरा रोदरमुंड यांचा १९८३ चा अभ्यास आणि अप्पासाहेबांची आठवणींची पुस्तके महत्त्वाची आहेत, आणि या विषयाकडे वळणाऱ्याने ती वाचलीच पाहिजेत. पण अभ्यास घटनेचा आहे, आठवणी राजपुत्राच्या आहेत. पंचाच्या आठवणी नाहीत. १९३९ साली पंच म्हणून निवडून आलेला माणूस आज हयात असणे कठीण. त्याची मुले, सुना, नातवंडे आहेत. मत मिळावे म्हणून पाटी घेऊन बसलेल्या आजीची गोष्ट ऐकलेली माणसे आहेत. पंचायतीच्या ठरावांच्या वह्या, विहिरीच्या वर्गणीचे हिशोब, निवाड्यांच्या नकला कुठेतरी ट्रंकेत, देवळीत, माळ्यावर पडलेल्या असतील.

म्हणून औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ या चारही भागांतल्या वाचकांना माझी विनंती आहे. असे कागद घरात निघाले तर रद्दीला घालू नयेत. गुणदाळचे कानडी कागदही तितकेच मोलाचे आहेत. मूळ कागद घरातच ठेवा, पण त्यांचे फोटो काढून गावच्या शाळेत किंवा वाचनालयात द्या, सोबत गावाचे नाव आणि साल लिहा. घरातली वडीलधारी माणसे पंचायतीबद्दल, निवाड्याबद्दल, अठ्ठेचाळीसच्या दिवसांबद्दल जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा, दुरुस्त करू नका. आठवण कडू असली तरी वगळू नका.